आकडीच्या औषधावर झटके

नागीण बरी होऊन दोन महिने उलटले तरी बरगड्यांवरची आग थांबेना, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या त्या आजींना गावातल्या दवाखान्यातून गॅबापेंटिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा आणि जोडीला ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातले वेदनाशामक मिळाले होते. आमच्या अतिदक्षता विभागात त्या आल्या तेव्हा हाक मारली की डोळे उघडत, लगेच गुंगीत जात आणि हातपाय मधूनच झटकत. घरच्यांनी पक्षाघात झाल्याचे गृहीत धरले होते. परंतु रक्तातील साखर व मेंदूचा सीटी स्कॅन दोन्ही ठीक निघाले; जुन्या मधुमेहाने पोखरलेल्या मूत्रपिंडांमुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट गाळेनाशी झाली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक, मात्र ४.८ इतके वाढले होते.

गोळ्यांची पट्टी पुढे करत मुलाने विचारले, "डॉक्टर, हे तर आकडीचे औषध आहे, मग झटके कसे येतात?" प्रश्न अगदी रास्त होता. गॅबापेंटिन मज्जातंतूंवरील कॅल्शियमच्या मार्गिकांच्या अल्फा-२-डेल्टा या घटकाला चिकटते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे नेणारी रसायने कमी स्रवतात. नावात 'गाबा' (मेंदूला शांत करणारे रसायन) असले तरी गाबाच्या ग्राहींवर ते काम करीत नाही. यकृत त्याला हातही लावत नाही, सारे औषध लघवीवाटेच बाहेर पडते. निरोगी शरीरात पाच ते सात तासांत निम्मे होणारे हे औषध मूत्रपिंडे जवळजवळ बंद पडल्यावर कित्येक दिवस रेंगाळते आणि साचले की गुंगी, तोल जाणे व स्नायूंचे असे झटके दिसतात. त्यांत ट्रॅमाडॉलची भर म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. वृद्धांच्या बाबतीत हाच इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये दिला होता.

आकडीच्या रुग्णाने हे औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, पण आजींना तो आजार नव्हता, म्हणून आम्ही दोन्ही औषधे बंद करून डायलिसिस केले. रक्तातील प्रथिनांना न चिकटणारे गॅबापेंटिन त्यातून सहज निघून जाते. साचलेल्या युरियाचाही गुंगीत वाटा असणार, हे मी नाकारत नाही. तरी दुसऱ्या डायलिसिसनंतर झटके थांबले आणि आजींनी सुनेकडे चहा मागितला.

आग पुन्हा सुरू झाली, तेव्हा ट्रॅमाडॉल वगळून गॅबापेंटिनच दिले, पण १०० मिलिग्रॅम आणि तेही केवळ डायलिसिसनंतर.