तारेखालचा दोरा

तानपुरे बनवणाऱ्या माणसाने कधी मैफल ऐकलेली नसावी, याचं बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. मिरजेत कुणाला वाटत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत दिवसभर तारा छेडल्या जातात, पण त्या तपासायला. कान सतत चूक शोधत असतो. कुठली तार बसकी बोलते, कुठली कर्कश, कुठे तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, सांधा कुरकुरतो. संध्याकाळी काम संपलं की पुन्हा सुरात जाऊन बसावंसं वाटत नाही. हलवाई घरी जाऊन पेढे खात नाही, तसंच.

मी या कामाला लागलो तो भोपळ्यापासून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे येतात, वाळून खडखडीत झालेले. ते भिजवायचे, कापायचे, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या. लाकूड तूनचं. हे सगळं हाताला वळण लागलं की जमतं. जवारी मात्र चाचा, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते, कुणाच्या हाती देत नसत. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला नखभर उतार असतो. तार त्या उतारावर जिथे हलकेच टेकते, तिथे आवाजाला झणकार येतो. तो उतार कानशीने आणि पॉलिश पेपरने काढायचा, याला जवारी काढणं म्हणतात. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर इकडे-तिकडे झालं तर आवाज बंद.

चाचांची परीक्षा एकच असे. चौथी, खर्जाची पितळी तार छेडायची आणि डोळे मिटायचे. "गंधार बोलला का?" त्या तारेत षड्जाबरोबर, म्हणजे 'सा'बरोबर, वरून गंधार, म्हणजे 'ग'ही ऐकू येतो, कुणी न लावलेला, आपोआप आलेला. जवारी बरोबर असेल तरच येतो. मला तो ऐकू यायला बराच काळ लागला, आणि आल्यावरही माझ्या लेखी तो माल पास झाल्याची खूण होता. त्यापलीकडे त्याचं कुणी काय करत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मिरासाहेब दर्ग्याचा उरूस म्हणजे आमच्या गल्लीची दिवाळी. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते गेले, पण त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते, गाणारे-वाजवणारे हजेरी लावायला लांबून येतात. येताना नादुरुस्त वाद्यं घेऊन येतात, म्हणून त्या दिवसांत आम्हाला जेवायला सवड नसते. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, हत्यारं जवळ बाळगायचे. चाचा हे इतक्या अभिमानाने सांगत की जणू खाँसाहेब आधी कारागीर आणि मग गवई. आमच्या गल्लीचा हा आवडता हिशेब आहे. मूळचे आम्ही हत्यारांना धार लावणारे शिकलगार, फरीदसाहेबांपासून वाद्यांकडे वळलो, हेही प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकावं लागतं. मी स्वतः त्या घराण्यातला नाही, पण "आम्ही" म्हणायची सवय मलाही लागली आहे.

अशाच एका उरुसात संध्याकाळी दर्ग्यातून निरोप आला की एका गायिकेचा तानपुरा बोलत नाही, लगेच या. चाचांनी कानस, पेपर, तारांची गुंडाळी आणि दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकलं आणि मला बरोबर घेतलं.

मंचामागे सतरंजीवर तानपुऱ्यांची जोडी आडवी ठेवलेली होती. बाई पन्नाशीच्या असतील. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग दिसत नव्हता, काळजी दिसत होती. "चाचा, हा एक बोलतोय. दुसरा सकाळपासून गप्प आहे."

चाचांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. वर्षानुवर्षं वाजून तारांनी हाडाच्या घोडीवर घरं केली होती. प्रत्येक तारेखाली एक बारीक खाच, तीत तार रुतून बसलेली. खाचेत अडकलेल्या तारेला उतारावर खेळता येत नाही. "बाई, हे रात्रीत बसून करायचं काम आहे," चाचा म्हणाले. पुढे मंचावर शाल-श्रीफळांचे सत्कार चालले होते. एरवी या सत्कारांचा मला कंटाळा येतो. त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, आणखी दोन-तीन जणांना बोलवा.

तारा ढिल्या करून बाजूला सारल्या. चाचांनी कानस धरली आणि मला मोबाईलचा उजेड आडवा, घोडीच्या पातळीवर धरायला सांगितला. वरून धरला तर खाचा दिसत नाहीत, आडव्या उजेडात प्रत्येकीची सावली पडते. दोन हात कानशीचे, मग पेपर, मग फुंकर. हाडाच्या भुकटीला एक जळकट वास असतो, तो शेजारच्या गजऱ्यांच्या वासात मिसळला. तार चढवायची, ऐकायची, उतरवायची. पंचम बोलला. जोडाची, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी, पहिली बोलली. दुसरीने फार छळलं, तिला झणकार येई आणि लगेच विरून जाई. खर्ज मात्र पहिल्याच फटक्यात बोलला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. गंधार होता.

"नवीन काढलेली जवारी आहे, दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतील," चाचा बाईंना म्हणाले. "हा पोरगा मागे बसेल." मला विचारलंही नाही. त्यांना दुसऱ्या कुणाची तरी सतार बघायला बोलावणं आलं होतं. ते गेले, आणि मी मंचाच्या मागच्या कडेला, दुसऱ्या तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येच्या पाठीशी, दोऱ्याचं रीळ मुठीत धरून बसलो. प्रत्यक्ष मैफलीत माझी पहिली जागा ही अशी, गाणारीची पाठ आणि तानपुऱ्यांचे भोपळे दिसणारी.

बाईंनी बिहाग सुरू केला. रागाचं नाव मला मागाहून कळलं. पहिला षड्ज लागला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तानपुरा ऐकूच येईना. वाटलं, घोडी सरकली. मी वाकून पाहिलं. शिष्येची बोटं चालू होती, तारा हलत होत्या, घोडी जागेवर होती. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा तो आवाज त्यांच्या खालून वर आला, भरलेला, दोन्ही तानपुऱ्यांचा मिळून एक. त्या पुन्हा गाऊ लागल्या आणि तो परत दिसेनासा झाला. त्यांचा षड्ज आणि आमचा षड्ज यांच्यात फटच राहत नव्हती. कारखान्यात तानपुरा जितका ठळक ऐकू येईल तितका चांगला, असं मी समजत होतो. इथे तो चांगला होता म्हणून ऐकू येत नव्हता.

मग त्या गंधारावर आल्या. बिहागात गंधार हा वादी स्वर, सगळं येणं-जाणं त्याच्या भोवती. त्या त्यावर सरळ आल्या नाहीत. मध्यमाला शिवून, वरून उतरत, शेवटी अलगद तिथे थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. त्याच वेळी शिष्येचं बोट खर्जावर पडलं. तासाभरापूर्वी आम्ही आडव्या उजेडात घासून बाहेर काढलेला तो गंधार आणि बाईंचा गंधार एकावर एक बसले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मघाशी मी त्याच गंधारावर मान डोलावून माल पास केला होता, आणि या बाई त्यावर घर बांधून राहत होत्या! समोरच्या लोकांतून एक म्हातारा आवाज आला, "वाह!" मला उगीचच वाटलं, त्यातला पाव हिस्सा घोडीचा.

द्रुत बंदिश झाली, टाळ्या झाल्या. (पेटीचा आवाज ध्वनिक्षेपकावर गरजेपेक्षा बराच मोठा होता, पण ते काम माझं नव्हतं.) मग बाईंनी मागे वळून शिष्येला सांगितलं, "मध्यम लाव." पुढे बागेश्री होती आणि बागेश्रीला तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवतात. तार उतरली की तिचा ताण कमी होतो, ती उतारावर वेगळीकडे टेकते आणि दोऱ्याची आधीची जागा चुकते. शिष्येने खुंटी फिरवली, सूर बारीक जुळवायचा मणी सरकवला, सूर बरोबर लागला. पण तार मुकी झाली. तिने दोरा हलवून पाहिला, तो तुटून तिच्या बोटात आला. तिने मागे माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठे झालेले.

मी गुडघ्यांवर पुढे सरकलो. तानपुऱ्यासमोर माइक चालू होता. त्यामुळे माझं बोट तबलीला लागलं त्याची टकटक साऱ्या आवारात गेली आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी मान वाकडी करून हा कोण म्हणून पाहिलं. तबलजी शहाणा निघाला. त्याने हातोडी उचलली आणि सुरात असलेला तबला पुन्हा मिळवायला घेतला, म्हणजे लोकांचं लक्ष तिकडे गेलं. मी रिळाचा दोरा दातांनी तोडला, तारेखालून ओवला आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू मागे आणू लागलो. शिष्या तार छेडत होती. बंद. बंद. जरा खरखर. मग एका जागी ती तार अशी उघडली की समोर बसलेल्या बाईंचा खांदा सैल झालेला मला मागून दिसला. त्या वळल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला.

बागेश्री मी नीट ऐकली असं म्हणवत नाही. अर्धं लक्ष दोऱ्यावर, अर्धं गाण्यावर.

हल्ली क्लासला येणारी बरीच मुलं इलेक्ट्रॉनिक तानपुरा नाहीतर मोबाईलमधलं ॲप वापरतात. सोयीचं आहे, मी नाव ठेवत नाही. गाडीतून नेताना भोपळा फुटायची भीती नाही, जवारीचा खर्च नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीत पेढे वाटले, पण मानांकनाने गिऱ्हाईक वाढतंच असं नाही. त्या इलेक्ट्रॉनिक डब्यातला षड्ज कधी उतरत नाही, हा त्याचा मोठा गुण. मैफलीत मात्र मला तो उतरणारा, सारखा सांभाळावा लागणारा षड्जच खरा वाटला. यात धंद्याचा स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. चाचांनी खुर्ची झटकली, चहा सांगितला, फरीदसाहेबांची गोष्ट सुरू केली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, बहुधा आधीही ऐकली असणार. मग माझ्याकडे वळल्या.

"काल दोऱ्याला तूच होतास ना? कसं वाटलं गाणं?"

काय बोलावं सुचेना. जे तोंडात आलं ते बोललो. "बिहागच्या द्रुतमध्ये जोडाची दुसरी तार जरा उतरली होती."

चाचांनी कपाळावर हात मारला. बाई मोठ्याने हसल्या.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "शिष्येला कळलं नाही, तिला परत पाठवलंय रियाजाला. आता तेवढी तार बदलून दे, माझी गाडी अकराची आहे."