आमची वाटचाल : बोर्ड खराब नव्हता

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपना टायमर-काउंटर, निपाणी-चिकोडीकडच्या उसाला मोटर कंट्रोलर, हा आमचा धंदा. चांगल्या वर्षांचं काय सांगायचं? माल जात होता, पैसे येत होते. सांगायचं आहे ते ईएसपी32 या कंट्रोलर चिपच्या बोर्डांच्या त्या एका लॉटचं. बोर्ड तापतोय, मोटर आपोआप बंद-चालू होतेय, म्हणत निम्म्याहून जास्त नग परत आले. त्यातच दुसऱ्या एका विक्रेत्याने आमच्याच गिऱ्हाइकांना सांगितलं, "यांची चिपच जळकी, बोर्ड बदला." त्याचे बोर्डही तसेच तापले, पण नाव खराब झालं ते आमचं.

बहुतेक नगांत चिप ठणठणीत होती. टेबलावर तपासणी यूएसबीच्या 5 व्होल्टवर व्हायची. शेतावर व्हीआयएनला, म्हणजे बोर्डाच्या पुरवठ्याच्या पिनला, 12 व्होल्टची बॅटरी, चार्जिंगला असली की 13.8. चिपला लागणारे 3.3 व्होल्ट करून देतो तो बोर्डावरचा एएमएस1117 लिनियर रेग्युलेटर, वरचे सगळे व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. 12 मधून 3.3 गेले, राहिले 8.7, 150 मिलीअँपिअरला 1.3 वॅट. यूएसबीवर हेच पाव वॅट. बोर्डावरच्या एवढ्याशा तांब्याच्या थरावर वॅटमागे साधारण 90 अंश चढतात. बंद पेटीत 40 अंश धरा, रेग्युलेटरच्या आतलं सिलिकॉन दीडशेच्या वर. मग रेग्युलेटर स्वतःच बंद पडतो, निवला की परत सुरू होतो, आणि मोटर चालू-बंद करणारा रिले टकटक करत बसतो.

हे पहिल्यांदा ओळखलं टर्निंग शॉपवाल्या अण्णांनी. लॉट परत न करता एकच बोर्ड जेवणाच्या पिशवीतून घेऊन आले, ऑइलने काळं झालेलं बोट चिपवरच्या पत्र्याच्या डबीवर ठेवलं आणि म्हणाले, "चिप गारच हाय गा, हे शेजारचं तीन पायांचं तापायलंय." त्यांच्या ऑर्डरला आजही आमच्याकडे रांग नसते.

उपाय एलएम2596 चा बक मॉड्यूल, तो फारसा न तापता व्होल्ट उतरवतो. आधी बोर्ड न जोडता मल्टीमीटर लावून स्क्रूने बरोबर 5 व्होल्ट करायचे, मगच व्हीआयएनला द्यायचे. जोडून मग फिरवणारे बोर्ड उडवतात. आणि व्हीआयएनला पुरवठा चालू असताना यूएसबी खुपसू नका, कितीही घाई असो.

तरीही काही नग तापतच होते. तिथे पुरवठा काढून 3.3 व्होल्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स बघा. दोन-चार ओहम आला तर शॉर्ट. लॅब सप्लायवर (टेबलावरचा, व्होल्ट-करंट ठरवता येणारा पुरवठा) 3.3 व्होल्ट, करंटची मर्यादा 200 मिलीअँपिअर, थेट 3.3 च्या पिनला द्या आणि बोर्डावर ब्रशने आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिरवा. जिथलं आधी सुकेल तिथे दोष. कधी फुटका सिरॅमिक कपॅसिटर निघतो. हॉट एअरने उचलला की रेझिस्टन्स वर येतो. आमच्याकडे बहुतेकदा चिपच निघाली, आणि तिचं कारण पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट सेन्सर. त्याचे 5 व्होल्ट सरळ जीपीआयओवर, म्हणजे चिपच्या सिग्नलच्या पिनवर, जोडले होते. ही पिन 3.6 च्या वर सोसत नाही. करंट आतल्या डायोडमधून 3.3 च्या लाइनवर शिरतो, आणि चिप आतून जाते. उपाय सोपा: सेन्सरकडून पिनपर्यंत 10 किलोओहम, पिनपासून ग्राउंडला 20 किलोओहम, पिनवर 3.3 येतात. दोन रेझिस्टर, आणि ते नव्हते म्हणून एवढे नग परत.

आता प्रत्येक नग 13.8 व्होल्टवर, पेटी बंद करून, 4 तास चालवल्याशिवाय आम्ही गाडीत घालत नाही.