आमची वाटचाल : आधी मागच्या खोलीत, मग ग्राहकाकडे

२००६ मध्ये जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये भाड्याच्या गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने दुकान थाटलं. कॉम्प्युटर जोडून देणं, प्रिंटर दुरुस्ती, टॅली बसवणं असली कामं असायची. लोडशेडिंग इतकं होतं की सुरुवातीची दोन-तीन वर्षं आमचं घर यूपीएसच्या बॅटऱ्यांच्या धंद्यावरच चाललं.

सर्व्हरच्या कामाकडे आम्ही वळलो ते एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमुळे. हिशेबाचा एक सर्व्हर, हजेरीचा दुसरा, वजनकाट्याचा तिसरा, फायलींचा चौथा. चारही एका खोलीत आणि डोक्यावर एकच एसी. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. एसी बंद पडला की अर्ध्या तासात चौघांचे पंखे घोंघावू लागायचे आणि शेठजींचा फोन यायचा. खरं तर चारपैकी एकाही सर्व्हरवर पुरेसं काम नव्हतं. प्रोसेसर दिवसभर रिकामाच असायचा, वीज मात्र चौघेही खायचे.

व्हर्च्युअलायझेशनबद्दल, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवण्याबद्दल, वाचलं होतं, पण शेठजींना ते समजावून सांगायचं कसं? शेवटी म्हटलं, "शेठ, चार घरं बांधण्यापेक्षा एक वाडा बांधू आणि त्यात चार बिऱ्हाडं ठेवू. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, आड मात्र सगळ्यांचा एक." ते त्यांना लगेच पटलं. २०१२ मध्ये एक नवा सर्व्हर घेतला, त्यावर व्हीएमवेअर कंपनीचं फुकट मिळणारं ईएसएक्सआय ५ हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि चारही बिऱ्हाडं आत हलवली. खोली थंड झाली. आपल्याला हे काम आलं, असं आम्हाला वाटलं.

ते आलेलं नव्हतं, हे पुढच्या वर्षी कळलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट करण्याआधी मी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला आणि काम झाल्यावर तो काढायचा विसरलो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो घेतल्यापासून होणारा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातो आणि ती फाइल वाढतच राहते. सात आठवड्यांनी ऐन तुरीच्या हंगामात डेटास्टोअर, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवायची डिस्कवरची जागा, काठोकाठ भरलं आणि हिशेबाचं मशीन (आम्ही एकेका बिऱ्हाडाला मशीन म्हणतो) जागच्या जागी थांबलं. काट्यावर ट्रकची रांग, आणि मी स्क्रीनपुढे उभा. स्नॅपशॉट काढायलाही थोडी जागा लागते, आणि जागा तर शिल्लकच नव्हती. शेवटी भावाने फोनवर सुचवलं, हजेरीचं मशीन बंद कर. चालू मशीनच्या रॅमएवढी एक स्वॅप फाइल डिस्कवर असते, मशीन बंद केलं की ती जाते. तेवढ्याने आठ जीबी मोकळी झाली. जुन्या आयएसओ फायली (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती) उडवल्या, हिशेबाचं मशीन पुन्हा चाललं आणि स्नॅपशॉट मिटायला पहाट झाली. चूक सर्वस्वी माझी होती आणि मी ती शेठजींना तशीच सांगितली. त्यांनी काम काढून घेतलं नाही. आजही ते आमचे ग्राहक आहेत.

त्या रात्रीनंतर गाळ्याच्या मागच्या खोलीत आम्ही लॅब मांडली. ६४ जीबी रॅमचा एक वापरलेला सर्व्हर घेतला, त्यावर ईएसएक्सआय टाकलं आणि त्याच्या पोटात आणखी तीन ईएसएक्सआय चालवले. वाड्यात वाडा म्हणा हवं तर. वेग बेताचाच असतो, पण मोडायला आणि पुन्हा उभं करायला याहून चांगली जागा नाही. इथे जे दोनदा नीट पार पडलेलं नाही ते ग्राहकाकडे करायचं नाही, हा नियम तेव्हापासून आहे.

सर्टिफिकेटचा विषय भावाने काढला. व्हीसीपी या व्हीएमवेअरच्या सर्टिफिकेटसाठी तेव्हा नुसती परीक्षा देऊन भागत नसे, अधिकृत कोर्स करावाच लागायचा. कोर्सची फी आमच्यासाठी मोठी होती. घरी बसून विचार केला, त्या वर्षी नवी गाडी घ्यायचं लांबवलं आणि २०१६ मध्ये भाऊ महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेला. तेव्हा सहाव्या आवृत्तीसाठी दोन परीक्षा होत्या, पहिली पायाभूत आणि दुसरी मुख्य. पास व्हायला ३०० गुण लागायचे. मुख्य परीक्षेत तो पहिल्यांदा थोडक्यात राहिला. स्टोरेज आणि नेटवर्क हे त्याचे कच्चे भाग होते, कारण आमच्या छोट्या ग्राहकांकडे ते कधी हाताळायलाच मिळाले नव्हते. मग लॅबमध्ये सामायिक स्टोरेज उभं केलं, रोज दुकान बंद झाल्यावर दोन तास तो चालू मशीन एका होस्टवरून (ज्यावर मशीन चालतात त्या सर्व्हरवरून) दुसऱ्यावर हलवायचा, केबल उपटून काय होतं ते बघायचा. दुसऱ्या खेपेला पास झाला. सर्टिफिकेटमुळे मोठ्या कारखान्यांचे दरवाजे उघडले हे खरं, पण मला जास्त मोल त्या दुसऱ्या तयारीचं वाटतं.

त्या तयारीचा उपयोग २०१८ मध्ये झाला. पीव्हीसी पाइप बनवणारा एक कारखाना, तीन होस्ट, पंचवीसेक मशीन, सगळं व्हीएमवेअरच्या ५.५ आवृत्तीवर. त्या आवृत्तीचा सपोर्ट १९ सप्टेंबरला संपणार होता. कारखाना पूर्ण बंद असतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खान्देशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा सण, त्या दिवशी कामावर कोण येणार? म्हणून तोच दिवस मागून घेतला. आदल्याच दिवशी, १७ एप्रिलला, ६.७ बाजारात आलं होतं. मालकांचा मुलगा म्हणाला, "दादा, मग तेच टाका ना!" पण ५.५ वरून ६.७ वर थेट जाता येत नाही, मधे एक मुक्काम करावाच लागतो. आम्ही ६.५ वर थांबायचं ठरवलं, कारण तीनही सर्व्हर आणि त्यांची रेडकार्डं (डिस्क सांभाळणारी कार्डं) त्या आवृत्तीच्या सुसंगततेच्या यादीत आहेत हे आधी एकेक करून तपासलं होतं.

क्रम चुकला की सगळं फसतं. आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर), मग होस्ट, मग मशीनच्या आतली टूल्स (व्हीएमवेअरचे ड्रायव्हर वगैरे), आणि व्हर्च्युअल हार्डवेअर (मशीनला दिसणारं आभासी यंत्र) सगळ्यात शेवटी. टूल्स जुनीच ठेवून हार्डवेअर आधी वाढवलं, तर विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटू शकतं आणि आयपी पत्ता जातो. विंडोजवरचं व्हीसेंटर व्हीएमवेअरच्या अप्लायन्सवर, म्हणजे त्यांच्या तयार मशीनवर, न्यायचं होतं. लॅबमध्ये हे दोनदा अडकलं होतं. एकदा डीएनएसमध्ये (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या यादीत) पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद नव्हती, एकदा घड्याळं जुळत नव्हती. त्यामुळे कारखान्यात पोचल्यावर पहिला तास आम्ही फक्त डीएनएस आणि वेळ तपासण्यात घालवला. मग एकेक होस्ट रिकामा करायचा, मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा, अपग्रेड करायचा, मशीन परत आणायची. शेजारच्या स्क्रीनवर पिंग, म्हणजे मशीन उत्तर देतंय का ते सतत बघणं, चालू होतं. मशीन हलताना एखाद-दुसरा ठोका चुकायचा आणि पुन्हा लय लागायची. संध्याकाळी सातला तिसरा होस्ट वर आला. डेटास्टोअर मात्र फायली मांडण्याच्या जुन्याच पद्धतीवर, व्हीएमएफएस ५ वर, राहिले, कारण व्हीएमएफएस ६ जागच्या जागी होत नाही, त्यासाठी नवा डेटास्टोअर करून मशीन तिकडे हलवाव्या लागतात. ते काम पुढच्या दोन रविवारी केलं. त्या रात्री घरी पोचलो तर बहीण पुरणपोळी आणि आमरस झाकून बसली होती. आखाजीला आलेली, दिवसभर भावांची वाट पाहत. तिच्याशी नीट बोललोही नव्हतो, ती रुखरुख अजून आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉम या कंपनीकडे गेलं आणि पुढच्या महिन्यापासून कायमचे परवाने विकणं थांबलं. मोठे ग्राहक वर्गणीवर गेले. लहान ग्राहकांसाठी आम्ही प्रॉक्समॉक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. पुन्हा पहिलीपासून. ईएसएक्सआयवरची मशीन थेट ओढून घेण्याची सोय त्यात २०२४ मध्ये आली, पण विंडोजमध्ये व्हर्टआयओचे (प्रॉक्समॉक्सवरच्या आभासी डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर आधीच टाकले नाहीत आणि डिस्क व्हर्टआयओवर लावली, तर निळा स्क्रीन येतो. हे आमच्याकडे गेल्या वर्षी रुजू झालेल्या धुळ्याच्या मुलीने शोधलं, मागच्या खोलीत, तिसऱ्या प्रयत्नात. आता तिच्याच वहीतून आम्ही दोघे भाऊ शिकतो आहोत. डाळ मिलची चार बिऱ्हाडं तिने लॅबमध्ये एकदा हलवून झाली आहेत. दुसऱ्यांदा नीट झाली की शेठजींना तारीख विचारायची आहे.