दोन तास म्हणजे दोन तासच

साखरेच्या रिपोर्टवर छापलंय, 'ग्लुकोज दिल्यावर २ तासांनी : १३६'. आकडा असेल बरोबर, पण वेळ खोटी आहे. माझं रक्त घेतलं तेव्हा पावणेतीन तास होऊन गेले होते.

उपाशीपोटीची साखर ११२ निघाली, तिथून हे सुरू झालं. १०० च्या आत हवी, १२६ पासून मधुमेह, मी अधेमधे. रात्रभर पोटात काही नसताना साखर आली कुठून, हा माझा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाल्या, यकृतातून. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागते, ती यकृत सोडत राहतं. इन्शुलिन त्याला आवर घालतं. तो आवर सैल पडला की सकाळचा आकडा चढतो. आईला मधुमेह होता, म्हणून त्यांनी जीटीटी लिहून दिली, म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजायची चाचणी.

सकाळी सातला लॅबमध्ये पहिलं रक्त दिलं. पोरीचा हात इतका हलका की सुई कळलीसुद्धा नाही. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी. पाच मिनिटांत संपवायचं असतं. मळमळलं तरी दाबून धरा. उलटी झाली की चाचणी बाद.

सव्वासात वाजता पहिला घोट घेतला. वेळ तिथून मोजतात. मी मोबाईलवर गजर लावला, तुम्हीही लावा.

"बसून राहा, फिरू नका," असं ती पोरगी म्हणाली. दहा मिनिटांत काउंटरवरून हाक. "ताई, चिठ्ठीची झेरॉक्स लागेल." दुकान खाली, लिफ्ट बंद, तीन मजले उतरून चढले. मग यूपीआय जाईना, रोखच पाहिजे. एटीएम चौकात. पुन्हा तीन मजले. सव्वानऊला गजर वाजला तेव्हा रक्त घेणाऱ्या खोलीबाहेर वीसेक माणसं. "दादा, माझे दोन तास झाले." "सगळ्यांनाच घाई असते ताई, नंबर येईल." दोनदा उठून सांगितलं. तिसऱ्यांदा गेले तर साहेब चहाला! दहा वाजता आत घेतलं.

एवढं काय त्यात, असं घरच्यांनाही वाटलं. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एरवी साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. त्यात एकदम ७५ ग्रॅम येऊन पडते. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, त्याच्या इशाऱ्यावर स्नायू आणि यकृत ती साखर ओढून घेतात. टाइप २ मधुमेहात पेशी हा इशारा नीट ऐकत नाहीत, स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतून ओतून थकतं, आणि साखर रक्तातच रेंगाळते. ही चाचणी म्हणजे त्या रेंगाळण्याचंच मोजमाप. दोन तासांनी १४० च्या आत आली तर ठीक, २०० किंवा वर गेली तर मधुमेह. पाऊण तास उशीर म्हणजे साखरेला उतरायला पाऊण तास फुकट. वर जिने! चालते स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही साखर खातात.

मी १३६ बघून पेढे वाटायच्या बेतात होते. डॉक्टरांनी विचारलं, "मधे चाललात का?" सगळं ऐकून त्यांनी तो कागद बाजूलाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात दुसरीकडे गेले. पैसे आणि झेरॉक्स आधीच दिले, खुर्ची सोडली नाही, बरोबर दोन तासांनी मीच दार ठोठावलं. आकडा १७१. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्या काउंटरवाल्याशी मी उगाच भांडत नव्हते हे सिद्ध झाल्याचा आनंद जास्त होता. सध्या गोळी नाही. वजन उतरवायचं, जेवणानंतर चालायचं, तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी.

हो, एक राहिलंच. आकडा चांगला यावा म्हणून मी पहिल्या खेपेला आधी चार दिवस भात-पोळी सोडली होती. तसं करू नका. निदान तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं असतं, नाहीतर शरीराची एवढ्या साखरेची सवय मोडते आणि आकडा उलट चढू शकतो. हे मला लॅबमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.