कडबा

आज १४ जानेवारी. सकाळी विद्यापीठाच्या गेटवर गेलो. निळी गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, लेकरं खांद्यावर. इतकी वर्षं या शहरात राहतोय, पण या दिवशी पहिल्यांदाच. (का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. की सांगायचं नाहीये.)

१९७८. मी तिसरीत. गावाच्या खालच्या अंगाला धूर दिसला. दादांना विचारलं, तर म्हणाले, "कडबा पेटलाय. घरात हो." मी घरात झालो. ऐन पावसाळ्यात कडबा असा पेटत नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. बाकावर शेजारी बसणारा दोस्त दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. गुरुजींनी हजेरीत त्याचं नाव घेणं कधी थांबवलं, आठवत नाही.

२७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, हे मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं. जुन्या वर्तमानपत्रात. तारखा जुळवत बसलो होतो. त्या सुट्टीत घरी गेलो, पण दादांना विचारलं नाही. १९९४ ला याच दिवशी नामविस्तार झाला, तेव्हाही नाही. आता दादा नाहीत.

गेटपाशी एक आजी पायरीला डोकं टेकवून उठल्या. पदरातला तिळाचा लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "कुठलं गाव रं बाबा?"

सांगितलं.

त्या थोडं थांबल्या. "माझं माहेर तिथलंच," म्हणाल्या.

पुढं विचारायची छाती झाली नाही.