जुने टायर ऑनलाइन घेताना: भांडण टायर बसवण्याआधीचे

जुन्या टायरच्या व्यवहारात वाद बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर अडतो: दोष आधीपासून होता, की टायर गाडीला लागल्यानंतर निर्माण झाला? चार दिवस चाललेल्या टायरला फुगा आला, तर विक्रेता खड्ड्याकडे बोट दाखवणारच, आणि आपल्या रस्त्यांची अवस्था पाहता ऐकणाऱ्याला ते पटतेही. म्हणून तक्रारीचा सगळा पुरावा टायर रिमवर चढण्यापूर्वीच गोळा व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्याआधी मी माझ्या जुन्या हॅचबॅकसाठी १६५/८० आर १४ मापाचे दोन वापरलेले टायर एका संकेतस्थळावरून मागवले. जाहिरातीत ‘८० टक्के नक्षी शिल्लक, पंक्चर नाही’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट मी पैसे भरण्याआधीच काढून ठेवला होता. आलेले टायर काळ्या पॉलिशने इतके चकचकीत केलेले होते की नेमका त्यामुळेच संशय यावा. टायरवाल्याने मशीनला हात लावण्यापूर्वी आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली, टायरच्या खांद्याजवळून, म्हणजे नक्षी संपते त्या कडेवरून, बोटे फिरवली आणि एके ठिकाणी थांबून म्हणाला, “साहेब, हा बसवायचा नाही. साइडवॉलला आतून ठिगळ आहे.” ठिगळाची एक कड सुटू लागली होती, बाहेर त्याच जागी असलेला काप काळ्या सोल्युशनने भरून त्यावर पॉलिश फिरवले होते. नक्षीच्या भागात खिळा घुसला तर पंक्चर काढता येते, पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चालताना सतत दबते आणि वाकते, त्यामुळे तिथली दुरुस्ती भरवशाची नसते. आम्ही तिथेच व्हिडिओ काढला, त्यात टायरच्या अंगावरचा उत्पादनाचा आकडाही घेतला, आणि टायरवाल्याकडून त्याच्या बिलबुकावर दोष लिहून घेतला.

हा आकडा विकत घेण्याआधीच फोटोत मागून घ्यावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांपुढचा टायर वापरू नये, असे अनेक कंपन्या सांगतात. खोबणीच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे हे झीज दाखवणारे चिन्ह असते, आणि मोटारीसाठी नियमाने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. हे उंचवटे कापलेले दिसले, तर गोटा झालेल्या टायरवर खाचा पुन्हा कोरल्या आहेत असे समजावे.

विक्रेत्याचे पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले: जुन्या मालाला गॅरंटी नाही, माल परत घेतला जाणार नाही. हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दोषाच्या व्याख्येत विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्यापेक्षा माल कमी दर्जाचा असणेही येते. टायर वापरलेला आहे म्हणून त्याची झीज मला मान्य असली, तरी ‘पंक्चर नाही’ हा दावा विक्रेत्यावर बंधनकारक राहतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणे किंवा पैसे परत करणे नाकारता येत नाही; शिवाय संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. मी नेमके हेच मुद्दे लिहून पाठवले, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. त्या टायरचे पैसे परत आले, वाहतूक खर्च आला नाही. तेवढ्यावर मी थांबलो.

मात्र हा आधार धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्धच आहे. आपल्या गाडीचे काढलेले टायर एखाद्या गृहस्थाने हौशीने विकायला टाकले, तर ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत, आणि काही हजार रुपयांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. अशा माणसाकडून टायर समोर पाहूनच घ्यावा आणि पैसे नंतर द्यावेत.

प्रकरण पुढे न्यावेच लागले, तर दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्यालाही, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या टायरबाबत, हा मार्ग खुला आहे. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून निकाल लागेपर्यंत टायर भंगारात देऊ नये, आणि विक्रेत्याने परत मागितलाच तर कुरिअरची पावती व पाठवण्यापूर्वीचे फोटो हाती असल्याखेरीज तो सोडू नये.