रीमॅप केलेली गाडी, नागपूरचं ऊन आणि ऑइलचा ग्रेड

मार्च उजाडला की वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "अरे भाऊ, नागपूरचं ऊन हाय हे, पातळ ऑइल काऊन टाकतोस? वीस-पन्नास टाक." म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं घट्ट इंजिन ऑइल. गाडी रीमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) असली तर हाच सल्ला थेट दहा-साठवर, म्हणजे त्याहून घट्ट १०डब्ल्यू-६० वर, जाऊन पोचतो. सांगणारा आपुलकीनंच सांगतो. पण मला हा सल्ला पटत नाही. ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी एवढ्यात गाड्या ट्यून करून घेतल्या आहेत. टर्बो, एक्झॉस्ट, इंटरकूलर यांवर त्यांनी महिनोन् महिने अभ्यास केला आणि ऑइल मात्र दुकानदार देईल ते घातलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), स्टेज-१ म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप, मोठा इंटरकूलर, आतलं इंजिन मात्र जसं आलं तसंच. रीमॅपनंतर सगळ्यात आधी मी ऑइलच्या तापमानाचा वेगळा गेज बसवून घेतला. हा खर्च मला एक्झॉस्टपेक्षा जास्त गरजेचा वाटतो, कारण त्याच्याशिवाय ग्रेडची चर्चा म्हणजे नुसते अंदाज.

त्या गेजवर काय दिसतं ते सांगतो. डिसेंबरच्या सकाळी समृद्धीवर एका चालीत १२० नं गेलो तर ऑइल १०० च्या आसपास राहतं. मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला १०५-१०६. म्हणजे हवेत तीस डिग्रीचा फरक आणि ऑइलमध्ये जेमतेम सहा. यात नवल नाही : थर्मोस्टॅट कूलंटला ९० च्या आसपास धरून ठेवतो आणि माझ्या गाडीत ऑइल कूलर त्याच कूलंटवर चालतो. आता हीच गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात घाला. दुसरा-तिसरा गिअर, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) सतत भरलेला, वेग कमी म्हणून समोरून वारा नाही. काटा १२४ वर जातो, आणि तोही ऑक्टोबरच्या हवेत. ऑइल तापवतो तो लोड आणि बूस्ट. उन्हाचा वाटा आहे, पण थोडा.

म्हणून ग्रेड निवडायचा तो या आतल्या आकड्यावर. डब्यावरचा दुसरा आकडा, ३०, ४० किंवा ५०, ऑइल १०० डिग्रीला किती घट्ट आहे ते सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०० मानकात ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पण ऑइल १०० वर थांबत नाही. १०० ला १४ सेंटिस्टोक असलेलं चांगलं ५डब्ल्यू-४० घेऊन मी १२० डिग्रीचा हिशेब केला तर ते साडेनऊच्या आसपास येतं, म्हणजे १०० डिग्रीवरच्या ३० ग्रेडइतकं. १८ सेंटिस्टोकचं ५० ग्रेड १३० ला जवळपास तिथेच येतं. पंधरा-वीस डिग्री वाढल्या की एक ग्रेड गेला, असं ढोबळमानानं धरा. त्यामुळे ज्याच्या गाडीचं ऑइल १०५ च्या वर जातच नाही त्यानं ५० टाकून काही कमवलं नाही, आणि जो १३० पाहतोय त्यानं ३० वर राहू नये.

याहून महत्त्वाचा आकडा डब्यावर नसतोच, तो डेटाशीटमध्ये शोधावा लागतो : एचटीएचएस, म्हणजे हाय टेंपरेचर हाय शिअर. १५० डिग्रीला, सेकंदाला दहा लाख इतक्या शिअर रेटखाली (ऑइलचे थर एकमेकांवरून जोरात घसरत असताना) ऑइल किती घट्ट राहतं ते हा सांगतो. बेअरिंगच्या फटीत, रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये ऑइलची हीच परीक्षा होते. एकाच दुकानातल्या दोन ५डब्ल्यू-३० च्या डब्यांत इथं मोठा फरक निघू शकतो. एसीईए या युरोपीय मानकाचं ए५/बी५ लिहिलेलं असेल तर हा आकडा २.९ ते ३.५ च्या मध्ये, ए३/बी४ किंवा सी३ असेल तर ३.५ किंवा वर. रीमॅप केलेल्या टर्बोत मी ३.५ च्या खाली जाणार नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग १०डब्ल्यू-६० का नाही? बीएमडब्ल्यूनं आपल्या काही एम इंजिनांना ते सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते 'परफॉर्मन्स ऑइल' म्हणून डोक्यात बसलंय. ती इंजिनं आठ हजार आरपीएमच्या घरात फिरायची आणि त्या ऑइलसाठीच ठरवलेली होती. आपल्या स्टॉक बेअरिंगच्या इंजिनात ते घातलं की ऑइल प्रेशरचा काटा वर जातो आणि मालक खूश होतो. पण प्रेशर म्हणजे ऑइलच्या वाटेतला अडथळा. पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं ऑइल ढकलतो. वाट अरुंद आणि ऑइल घट्ट असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो आणि त्यातलं काही बेअरिंगपर्यंत न जाताच परत फिरतं. शिवाय घट्ट ऑइल स्वतःच्या घर्षणानं जास्त तापतं, आणि व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावर चालत असेल तर तेही मंदावतं. फोर्ज्ड पिस्टन घालून, बेअरिंगच्या फटी मुद्दाम मोठ्या ठेवून बांधलेलं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ५० किंवा ६० बरोबर, आणि कोणतं ते इंजिन बांधणाऱ्यानं सांगावं.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ ला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. नागपुरात कडाक्याची थंडी पडली तरी पारा शून्याच्या वरच असतो, त्यामुळे आपल्याकडे ५ आणि १० मधला फरक सुरुवातीच्या काही सेकंदांचा. उलट दोन आकड्यांतलं अंतर जितकं जास्त तितकं ऑइल पॉलिमरवर (गरम झाल्यावरही ऑइल घट्ट ठेवणाऱ्या लांब रेणूंवर) जास्त अवलंबून असतं, आणि ते पॉलिमर वापरात तुटतात. बाइकवाल्यांसाठी हे आणखी खरं, कारण तिथं गिअर आणि क्लचही त्याच ऑइलमध्ये फिरतात. त्यांनी डब्यावर जासो एमए२ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) पाहूनच घ्यावं, कारचं ऑइल घालू नये, क्लच घसरू शकतो.

ट्यून केलेल्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ऑइलचा खरा शत्रू पेट्रोल आहे. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेलं) असतं, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वर चढत असेल तर डब्यावरचा ४० कधीच मागे पडलाय. कमी आरपीएमवर जोरात बूस्ट देणाऱ्या ट्यूनमध्ये एलएसपीआयचाही (ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा) धोका असतो. त्यावर ग्रेड उपयोगाचा नाही, २०२० मध्ये आलेलं एपीआय एसपी हे अमेरिकन मानक डब्यावर पाहून घ्या.

मी ऑइल बदलताना नमुना लॅबला पाठवतो. इंजिन गरम असताना ड्रेन प्लग काढायचा, सुरुवातीची धार वाहून जाऊ द्यायची आणि मधलं ऑइल कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरायचं. रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं, सिलिकॉन आणि १०० डिग्रीची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) पाहायची. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर आधी एअर फिल्टर बघा; उघडा कोन फिल्टर आणि आपल्याकडची उन्हाळी धूळ ही जोडी बेअरिंग खाते, मग ऑइल कितीही भारी असो.

माझ्या मागच्या रिपोर्टात धातू ठीक होते, पण १३.९ ची व्हिस्कॉसिटी १२.१ वर आली होती. ४० ग्रेडचं ३० झालं होतं आणि कारण पेट्रोल होतं. मी ग्रेड वाढवला नाही. दहा हजार किलोमीटरऐवजी पाच हजारांवर बदलायला लागलो आणि ट्यूनरकडून फ्युएलिंग (पेट्रोलचं प्रमाण) तपासून घेतलं. तेच ५डब्ल्यू-४०, एचटीएचएस ३.७ वालं, आजही गाडीत आहे. पुढे टर्बो बदलला आणि घाटात काटा १३० ओलांडायला लागला तर आधी मोठा ऑइल कूलर बसवीन, आणि तरीही तापमान उतरलं नाही तर ५० ग्रेड.